यंत्रांना लिहिलेले हुकूम

हुकूम काढणे ही एक गोष्ट आणि तो हुकूम जेथे पोहोचावयाचा तेथे पोहोचून त्याप्रमाणे अंमल होणे ही दुसरी, हे कोणत्याही कचेरीत चार वर्षे काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मुख्य कचेरीतून परिपत्रक सुटते, जावक बारनिशीत त्याची नोंद होते, आणि तरीही एखाद्या दूरच्या तालुक्यात पुढले सहा महिने जुन्याच नियमाने दाखले दिले जात असतात. तेथील कारकुनाचा त्यात दोष असतोच असे नाही. त्याच्या हाती नवा कागद पडलेलाच नसतो. हे अंतर भरून काढण्यासाठी पोच, अनुपालनाचा अहवाल, दुसऱ्या अधिकाऱ्याची तपासणीची सही असे नाना उपाय राज्यकारभाराने कालांतराने शोधून काढले. ते उपाय कंटाळवाणे आहेत, आणि त्यांची थट्टाही पुष्कळ होते.

संगणकांच्या जगाला हाच प्रश्न गेल्या साठ वर्षांत भेटला. जो संगणक समोर बसलेल्या एका माणसासाठी काम न करता दूरवरून मागणी करणाऱ्या हजारोंची कामे उरकतो, त्याला सर्व्हर म्हणतात. आगगाडीचे तिकीट, बँकेतील शिल्लक, इस्पितळातील नोंद या साऱ्यांच्या पाठीशी आज असे सर्व्हर रांगेने उभे आहेत. त्यांच्यावर नवी आज्ञावली नेऊन बसविणे, जुनी काढून टाकणे, एखादे यंत्र सेवेतून तात्पुरते बाजूला घेणे, ही कामे पडद्यावरील एका ओळीत टंकित केलेल्या हुकुमांनी होतात. आणि असे अनेक हुकूम क्रमाने लिहून ठेवलेला जो मजकूर, त्याला स्क्रिप्ट असे म्हणतात. वरवर पाहता ही कारकुनी बाब आहे. परंतु अशाच एका कारकुनी चुकीने पाऊण तासात एक मोठी पेढी बुडाली. म्हणून या मजकुराचा इतिहास तंत्रज्ञांपुरता ठेवून चालणार नाही.

प्रारंभीच्या काळी यंत्राशी बोलण्याची सोयच नव्हती. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यावयाचा आणि उत्तराचा कागद केव्हा बाहेर येतो याची वाट पाहावयाची, अशी रीत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, तेव्हा त्याच्याकडे येणाऱ्या संशोधकांनाही गठ्ठ्याचाच मार्ग होता. पण त्याच्या तीन वर्षे आधी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी एका निराळ्या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले होते. एकच यंत्र अनेकांनी वाटून घ्यावयाचे. प्रत्येकाने आपापल्या टंकयंत्रापुढे बसून एकेक हुकूम टंकावयाचा, आणि यंत्राने त्याचे उत्तर तेथेच टंकून द्यावयाचे. सीटीएसएस या नावाने ही पद्धत प्रसिद्धीस आली.

या संस्थेत १९६३ साली लुई पूझाँ नावाचा एक फ्रेंच अभियंता येऊन दाखल झाला. तेथे काम करताना त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. माणसे दिवसभर तेच ते हुकूम त्याच त्या क्रमाने टंकीत बसत. अमुक मजकूर काढा, त्याचे भाषांतर करा, तो स्मृतीत चढवा, चालवा. पुन्हा दुसरा मजकूर काढा. एका अक्षराची चूक झाली की पहिल्यापासून आरंभ. पूझाँने एक छोटी आज्ञावली रचली आणि तिला रनकॉम असे नाव दिले. हुकुमांची यादी एकदा लिहून ठेवावयाची आणि त्या यादीलाच एक नाव द्यावयाचे. ते नाव टंकले की यादीतील हुकूम ओळीने पार पडत. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे यादीत काही जागा कोऱ्या ठेवता येत. कचेरीतील छापील नमुन्यात ज्याप्रमाणे गावाचे आणि खातेदाराचे नाव तेवढे मागाहून भरावयाचे असते, त्याचप्रमाणे येथेही ज्या मजकुरावर काम करावयाचे त्याचे नाव ऐन वेळी भरता येई. एकच नमुना शंभर कामांना उपयोगी पडू लागला.

नमुन्यातील कोरी जागा ही फार मोठी सोय आहे आणि तितकाच मोठा धोकाही आहे. तिच्यात चुकीचे नाव भरले तर बाकीचा सारा मजकूर निर्दोष असूनही हुकूम भलत्याच माणसावर बजावला जातो. पूझाँच्या काळी त्याने एखाद्याची दुपार वाया जात असे, इतकेच.

त्याने १९६५ साली पुढच्या यंत्रव्यवस्थेसाठी एक टिपण लिहिले आणि हुकूम वाचून ते पार पाडणाऱ्या या बाहेरच्या थराला शेल, म्हणजे कवच, हे नाव सुचविले. त्याच वर्षी तो फ्रान्सला परत गेला. मल्टिक्स नावाच्या त्या नव्या व्यवस्थेत हे कवच प्रत्यक्षात आणण्याचे काम ग्लेंडा श्रोडर या विदुषीने केले. पूझाँचे नाव पुढे संगणकांच्या जाळ्यांच्या इतिहासात अधिक गाजले. इंटरनेटच्या रचनेतील एका मूलभूत कल्पनेचे श्रेय त्याच्या फ्रान्समधील प्रयोगाकडे जाते. रनकॉम मात्र विस्मृतीत गेले. तरी त्याची आद्याक्षरे राहिली आहेत. यंत्र सुरू होताना जे हुकूम प्रथम वाचले जातात, त्यांच्या मजकुराच्या नावात आजही ‘आरसी’ ही दोन अक्षरे आढळतात. ती कोठून आली हे रोज पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्याकडे ‘शिरस्तेदार’ हा शब्द वापरताना शिरस्ता कोणाला आठवतो?

मल्टिक्सचा पसारा फार वाढला. १९६९ साली बेल कंपनीच्या प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले, आणि तेथील केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही लहानशी व्यवस्था उभी केली. तिच्यातही कवच होतेच. १९७३ साली डग मॅक्इलरॉय यांच्या आग्रहावरून एका हुकुमाचे फलित दुसऱ्या हुकुमाला थेट जोडून देण्याची युक्ती तिच्यात आली, आणि १९७९ साली स्टीफन बोर्न यांनी रचलेले कवच प्रसिद्ध झाले. त्याचे व्याकरण मोठे मौजेचे आहे. अट ज्या शब्दाने सुरू करावयाची तोच शब्द उलटा लिहून अट संपवावयाची, ही लकब बोर्न यांनी आल्गॉल ६८ या भाषेतून उचलली होती. आवर्तनाचा शब्दही तसाच उलटा करावयाचा, तर तो उलटा शब्द युनिक्समध्ये दुसऱ्याच एका हुकुमाने आधीच अडवून ठेवलेला! तेव्हा तेथे नियमाला मुरड घालावी लागली, आणि ती मुरड आजही जगभर टंकली जाते.

या प्रयोगशाळेतील एक प्रसंग मात्र थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. स्टीव्ह जॉन्सन नावाचा एक तज्ज्ञ एके दिवशी चरफडत आपल्या सहकाऱ्याच्या, स्टुअर्ट फेल्डमन याच्या, खोलीत आला. आज्ञावलीत एक दोष होता. तो त्याने शोधून दुरुस्तही केला होता. परंतु दुरुस्त मजकुराचे यंत्रभाषेत पुन्हा रूपांतर करावयाचे राहून गेले, आणि यंत्र जुनेच रूप चालवीत बसले. अशा रीतीने बरोबर असलेल्या आज्ञावलीतील दोष शोधण्यात त्याची सबंध सकाळ गेली. फेल्डमनलाही आदल्या संध्याकाळी असाच अनुभव आलेला होता. या वैतागातून १९७६ साली ‘मेक’ हे साधन जन्मास आले. कोणता मजकूर कोणावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवावयाचे. त्यातील काय नवे झाले आणि काय जुनेच राहिले हे मग यंत्रानेच तारखा ताडून ठरवावयाचे, आणि जेवढे शिळे असेल तेवढेच पुन्हा तयार करावयाचे.

दुरुस्ती झाली, पण चालले जुनेच. हे एक वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते फार महाग पडणार आहे.

मेकची आणखी दोन वैशिष्ट्ये सांगण्यासारखी आहेत. त्याला एक विशिष्ट खूण दिली असता ते प्रत्यक्षात काहीच करीत नाही. आपण काय काय केले असते याची यादी तेवढी लिहून दाखविते. नाटकाच्या आदल्या रात्री रंगीत तालीम करावी तसा हा प्रकार. हुकूम बजावण्यापूर्वी त्याचा परिणाम कागदावर पाहून घेण्याची ही सोय पुढच्या पुष्कळ साधनांनी उचलली. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील एक खोड. मेकच्या मजकुरात ओळीच्या आरंभी एक ठराविक मोकळी जागा, टंकयंत्रावरील टॅबची, सोडावी लागते. तिच्याऐवजी तेवढीच लांब दिसणारी साधी मोकळी जागा सोडली तर सारे अडते, आणि डोळ्यांना तर काहीच फरक दिसत नाही. ही खोड फेल्डमनच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर माणसे हे साधन वापरू लागली होती, आणि त्यांना त्रास नको म्हणून त्याने ती तशीच राहू दिली. डझनभरांची गैरसोय टाळली. नंतरच्या लक्षावधींनी ती सोसली. सरकारी नमुन्यांतील कित्येक निरर्थक रकान्यांचा उगम शोधू गेल्यास तोही असाच निघेल.

एवढे सारे होईपर्यंत यंत्र बहुधा एकच असे. नव्वदीच्या दशकात यंत्रे वाढली, दहाची शंभर झाली, आणि हुकूम एका ठिकाणी देऊन तो सगळीकडे पोहोचविण्याचा प्रश्न उभा राहिला. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी चोरून परवलीचे शब्द टिपले, तेव्हा तेथील तातू इलोनेन याने १९९५ साली एसएसएच ही व्यवस्था रचली; तिच्यामुळे दूरच्या यंत्राशी कोणालाही ऐकू न जाईल अशा गुप्त भाषेत बोलता येऊ लागले. दुसऱ्याच वर्षी ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक हे साधन केले. दोन ठिकाणच्या मजकुरांतील फरक तेवढाच ते पाठवी. या दोहोंच्या जोरावर यंत्रशाळेतील व्यवस्थापक एक छोटीशी स्क्रिप्ट लिहून मोकळा होई. यादीतील प्रत्येक यंत्राकडे जा, नवी आज्ञावली ठेव, जुनी थांबव, नवी सुरू कर.

परंतु वाटेत एखादे यंत्र बंद असले तर? जाळे मध्येच तुटले तर? स्क्रिप्ट अर्ध्यावर थांबली आणि ती पुन्हा चालविली, तर पहिल्या निम्म्या यंत्रांवर तेच हुकूम दोनदा बजावले जाणार. ऑस्लो विद्यापीठातील मार्क बर्जेस या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने १९९३ साली सीएफइंजिन हे साधन निर्माण केले. त्याने या प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहिले. काय करावे हे न सांगता शेवटी काय असावे हे सांगावे, असे त्याचे सूत्र होते. गड्याला ‘बटण दाब’ असे दोनदा सांगितले तर दिवा लागेल आणि विझेल. ‘दिवा लागलेला असू दे’ असे दहा वेळा सांगितले तरी दिवा लागलेलाच राहील. प्रत्येक यंत्राने ठराविक वेळाने आपली स्थिती त्या लिखित अपेक्षेशी स्वतःच ताडून पाहावी आणि फरक असेल तेवढा भरून काढावा. हे तत्त्व स्वीकारले की राहून गेलेले यंत्र राहून गेलेलेच राहत नाही. जागे झाले की ते आपणहून रांगेत येते. पुढे २००५ साली पपेट, २००९ साली शेफ, २०१२ साली अँसिबल अशी साधने या वाटेने आली. त्यांच्यातील भेद तज्ज्ञांना मोठे वाटतात. येथे ते सोडून देण्यास हरकत नाही.

कारण साधने उपलब्ध असणे आणि ती वापरात असणे यांतही अंतर असते. न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे नाइट कॅपिटल ही पेढी होती. अमेरिकेच्या रोखे बाजारात तिची उलाढाल अग्रगण्य गणली जाई. गिऱ्हाइकांकडून आलेली मोठी मागणी लहान लहान तुकड्यांत फोडून बाजारात पाठविण्याचे काम तिचे आठ सर्व्हर करीत. न्यूयॉर्कच्या रोखे बाजारात १ ऑगस्ट २०१२ पासून एक नवी योजना सुरू व्हावयाची होती, आणि तिच्यासाठी लागणारी नवी आज्ञावली २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने या सर्व्हरांवर बसविण्यात आली. एका तंत्रज्ञाने ती सात सर्व्हरांवर ठेवली. आठव्यावर ठेवावयाची राहिली.

आठव्या यंत्रावर जुनी आज्ञावली राहिली एवढ्यानेच अनर्थ झाला नसता. त्या जुन्या आज्ञावलीत ‘पॉवर पेग’ नावाचा एक भाग होता. २००३ सालापासून त्याचा वापर बंद होता, पण तो काढून टाकलेला नव्हता. मूळ मागणी पुरी झाली की थांबावयाचे, हा हिशेब ठेवणारा अंश २००५ साली दुसरीकडे हलविण्यात आला होता, आणि त्यानंतर पॉवर पेग नीट चालतो की नाही हे कोणी तपासून पाहिले नव्हते. त्यातच नव्या योजनेसाठी जी खूण वापरावयाची ठरली, तीच खूण पूर्वी पॉवर पेगला जागे करण्यासाठी योजलेली होती. रद्द झालेल्या नियमाचा क्रमांक नव्या नियमाला द्यावा, आणि एका कचेरीत नियमांचे जुनेच पुस्तक असावे, असा हा योग. तेथला कारकून इमानाने क्रमांक पाहून जुना नियम लावणार. आणि या नियमात कोठे थांबावे ते कलमच उरलेले नव्हते.

त्या दिवशी सकाळी आठ वाजून एक मिनिटापासून पेढीच्या यंत्राने कर्मचाऱ्यांना पत्रे धाडण्यास प्रारंभ केला. बाजार साडेनऊला उघडेपर्यंत अशी सत्त्याण्णव पत्रे गेली, आणि त्यांत पॉवर पेगचा उल्लेख होता. ही पत्रे धोक्याची सूचना म्हणून योजलेली नव्हती, त्यामुळे त्यांची दखल घेतली गेली नाही. बाजार उघडला आणि आठवे यंत्र कामाला लागले. गिऱ्हाइकांच्या अवघ्या २१२ मागण्यांपोटी त्याने लक्षावधी सौदे बाजारात पाठविले. पाऊण तासात १५४ कंपन्यांच्या भागांचे चाळीस लाख व्यवहार पुरे झाले. ३९ कोटी ७० लाखांहून अधिक भागांची उलाढाल झाली. पेढीच्या गळ्यात सुमारे ३५० कोटी डॉलरांची नको असलेली खरेदी आणि सुमारे ३१५ कोटी डॉलरांची नको असलेली विक्री येऊन पडली.

त्या पाऊण तासात पेढीतील माणसे स्वस्थ बसली नव्हती. काहीतरी बिघडले आहे हे त्यांना दिसत होते, आणि नव्या आज्ञावलीचा पहिलाच दिवस असल्याने संशय साहजिकच तिच्यावर गेला. त्यांनी सात सर्व्हरांवरून ती काढून टाकली. म्हणजे जी सात यंत्रे निर्दोष होती तीही आठव्यासारखीच वागू लागली. दुरुस्ती झाली, पण चालले जुनेच. आणि जे नवे चालत होते तेही आता जुने झाले. एकंदर तोटा ४६ कोटी डॉलरांहून अधिक झाला. काही दिवसांतच बाहेरच्या गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर घालून पेढी उचलून धरली, पण तिचे स्वतंत्र अस्तित्व टिकले नाही. २०१३ साली ती गेटको या दुसऱ्या पेढीत विलीन झाली.

अमेरिकेच्या रोखे आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये या प्रकरणी निर्णय दिला आणि १ कोटी २० लाख डॉलर दंड केला. त्या निर्णयपत्रात तंत्रज्ञाचे नाव नाही. आयोगाने बोट ठेवले ते वेगळ्याच ठिकाणी. आज्ञावली आठही यंत्रांवर पोहोचली की नाही हे दुसऱ्या तंत्रज्ञाने पाहावे असा लेखी शिरस्ता त्या पेढीत नव्हता. पोच मागण्याची पद्धतच नव्हती, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. आयोगाची ही दृष्टी सर्वस्वी योग्य मानली पाहिजे. मनुष्य विसरणार हे गृहीत धरूनच कचेरीची घडी बसवावयाची असते, आणि विसरणाऱ्या माणसाला शासन करून सत्त्याण्णव पत्रांचे वाचन झाले नसते.

यावर असे म्हणण्यात येते, की मुळात माणसाच्या हाताने मजकूर ठेवण्याची पद्धतच चूक. सर्व काही स्क्रिप्टवर सोपवावे, म्हणजे विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉन कंपनीच्या उत्तर व्हर्जिनियातील यंत्रशाळांत जे घडले त्याने त्याची दुसरी बाजू पुढे आणली. तेथे असंख्य कंपन्यांचे मजकूर साठविणारी एस३ नावाची सेवा आहे. तिच्या हिशेबाच्या कामात काही मंदपणा आला होता, आणि त्याचा शोध घेण्यासाठी थोडे सर्व्हर बाजूला काढावयाचे होते. काम करणारा अधिकृत होता. हुकूमही नेहमीच्या ठरलेल्या कार्यपद्धतीतीलच होता. सकाळी नऊ वाजून सदतीस मिनिटांनी त्याने तो टंकला, आणि त्याच्या एका कोऱ्या जागेत चुकीची नोंद भरली गेली. थोड्याऐवजी पुष्कळ सर्व्हर काढले गेले.

येथे काहीही विसरले गेले नव्हते. हुकूम जेथे पोहोचावयाचा तेथे तत्काळ पोहोचला, आणि त्याची तंतोतंत अंमलबजावणी झाली. साधनाने एकदाही विचारले नाही, की इतके सर्व्हर खरोखरच काढावयाचे आहेत काय. काढलेल्या सर्व्हरांवर सेवेच्या दोन मुख्य शाखा अवलंबून होत्या. त्या संपूर्ण बंद करून पुन्हा सुरू कराव्या लागल्या, आणि मोठ्या विभागांत असे कित्येक वर्षांत करावे लागले नसल्यामुळे त्याला अपेक्षेहून फार वेळ लागला. सेवा पूर्ववत झाली तेव्हा दुपारचे एक वाजून चोपन्न मिनिटे झाली होती. दरम्यान अनेक ठिकाणची कामे खोळंबली. सेवा चालू आहे की बंद, हे ग्राहकांना सांगणारा कंपनीचा स्वतःचा फलकदेखील याच सेवेच्या आधारे चालत होता, त्यामुळे सकाळचा बराच वेळ त्याच्यावर काही बदलताच येईना.

त्यानंतर कंपनीने प्रसिद्ध केलेल्या निवेदनातही टंकणाऱ्याचे नाव नाही. साधनात दोन बदल केल्याचे त्यात नमूद आहे. यापुढे ते सर्व्हर एकदम न काढता सावकाश काढील. आणि एखाद्या शाखेला किमान जेवढे सर्व्हर हवेत त्याखाली संख्या जाणार असेल, तर हुकूम कोणीही दिलेला असो, ते तो पाळणार नाही.